खरी शैलजा डावखुरी होती

जगात काय घडलं आणि काय घडलं नाही, हे ठरवण्याचा शेवटचा अधिकार वरवट बकालच्या आमच्या मोठ्या जाऊबाईंकडे आहे. एखादी गोष्ट शंभर लोकांदेखत घडलेली असो, ती त्या माणसाच्या स्वभावात बसत नाही असं जाऊबाईंना वाटलं, की त्या मान हलवून म्हणतात, "ते झालंच नाई," आणि विषय संपतो. आमचे मोठे दीर ग्रामपंचायतीला उभे राहिले आणि सात मतांनी पडले. दिरांनी स्वतः ते कबूल केलं, जिंकलेल्याने गुलाल उधळला, त्यातला थोडा आमच्या ओट्यावरही येऊन पडला. जाऊबाईंनी ओटा धुतला आणि त्याबरोबर निकालही. आजही त्या दिरांचा उल्लेख "आमच्या घरचे मेंबर" असाच करतात, आणि दीर बिचारे खाली मान घालून जेवतात. माझ्या लग्नात सासरी निघताना मी ढसाढसा रडले, असंही त्या गेली सत्तावीस वर्षं सांगतात. मी रडले नव्हते. टेम्पोत माझं कपाट आडवं घालतायत की उभं, तिकडे माझं लक्ष होतं. हे मी त्यांना अनेकदा सांगून पाहिलं. "रडली होती तू," त्या शांतपणे म्हणतात. "तू वरून कडक आहे, आतून नाई. तुले आठवत नसन."

आता एवढा अधिकार असलेल्या बाईच्या हाती संध्याकाळी साडेसातची मालिका लागली, तर काय होणार? मालिकेचं नाव सांगत नाही, सांगण्यासारखं नाही. शैलजा नावाची एक सोशिक, हुशार, डावखुरी सून आणि तिच्या जिवावर उठलेलं सगळं घर, एवढं कळलं तरी पुरे. जाऊबाईंनी ही मालिका पहिल्या दिवसापासून पाहिली, आणि नुसती पाहिली नाही, तपासली. खतांच्या दुकानातून मिळणाऱ्या डायऱ्या आमच्याकडे भरपूर. त्यांत रोज एक पान. भागात काय झालं ते निळ्या पेनाने, आणि शेवटी लाल पेनाने निकाल: "झालं" किंवा "नाई झालं". शैलजाने सासूला उलटून उत्तर दिलं: नाई झालं. शैलजाने चहात साखर समजून मीठ टाकलं: नाई झालं, ती स्वयंपाकात चुकत नाही. असा खोटा भाग सुरू झाला की जाऊबाई उठून टीव्हीच्या पुढ्यात उभ्या राहायच्या, म्हणजे घरातल्या इतरांच्या डोळ्यांत ते जाऊ नये. मी एकदा म्हटलं, "बाई, ज्याने मालिका लिहिली त्याला तरी माहीत असेल ना काय झालं ते?" तर म्हणाल्या, "लिहिनारा पगारी मानूस आहे. आज हे लिहीन, उद्या ते लिहीन. त्याले शैलजाचा स्वभाव काय माईत?"

सर्वात पक्के भाग म्हणजे लाइट गेलेली असताना झालेले. साडेसातला लाइट जाणं आमच्या भागात नवलाचं नाही. तेव्हा जाऊबाई अंधारात डोळे मिटून बसायच्या आणि अर्ध्या तासाने उठून आज काय झालं ते सांगायच्या. दुसऱ्या दिवशी दुपारी तोच भाग पुन्हा दाखवायचे आणि त्यात भलतंच असायचं. जाऊबाईंवर त्याचा काडीचा परिणाम व्हायचा नाही. "दुपारचं काई खरं नसते," म्हणून डायरी मिटून टाकायच्या. आणि खरं सांगते, त्यांचे लाइट गेलेले भाग मूळ भागांपेक्षा बरे असायचे. त्यात निदान कोणी दाराआड उभं राहून ऐकत नसे.

व्हॉट्सॲपवर त्यांनी "शैलजा परिवार" काढला, तेव्हा या कारभाराला जिल्ह्याचं स्वरूप आलं. वरवटच्या बाया त्यात होत्याच. कोणाची बहीण, कोणाची मामेबहीण असं करत नांदुऱ्याच्या आल्या, मेहकरच्या आल्या. मेहकरच्या बायांचा असा पक्ष होता की शैलजाचं मन खरं म्हणजे डॉक्टरवर आहे. नवरा आपला घरात असतो म्हणून आहे. पुरावा म्हणून त्या डॉक्टरने शैलजाची नाडी किती सेकंद धरली ते मोजून पाठवायच्या. मी नांदुऱ्याला सरकारी दवाखान्यात परिचारिका आहे. मी लिहिलं, नाडी नीट मोजायची तर पूर्ण मिनिटभर धरावी लागते. मला दोन्ही पक्षांनी झापलं. जाऊबाईंनी तर चार मिनिटांचा आवाजी निरोप पाठवला. त्यात त्यांनी मला "सिस्टर" म्हटलं. एरवी मी त्यांची "माय" असते. रागावल्या की "सिस्टर" होते.

पण मेहकरच्या बाया म्हणजे बाहेरचा वाद. घरातला, रोजचा, चवीचवीने चालणारा वाद व्हायचा तो समोरच्या मॅडमशी. मॅडम जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या. तिशीच्या आत नोकरीवर रुजू व्हायला म्हणून गावात आल्या त्या इथेच राहिल्या. निवृत्त झाल्या, यजमान गेले, मुलगा पुण्याला नोकरीला, तरी मॅडम समोरच्या घरात आपल्या पुस्तकांचं कपाट आणि खिडकीतली बुद्धमूर्ती सांभाळून एकट्या. त्यांच्याकडे स्वतःचा टीव्ही होता, आमच्यापेक्षा मोठा. तरी साडेसातला पाच मिनिटं कमी असताना त्या गल्ली ओलांडून यायच्या आणि दाराजवळच्या लाल प्लास्टिकच्या खुर्चीत बसायच्या. त्या खुर्चीत दुसरं कोणी बसत नसे. जाऊबाई त्यांना "मॅडम" म्हणायच्या आणि पुढे "तू" लावायच्या. मॅडम सगळ्या गावाशी पुस्तकासारखं शुद्ध बोलायच्या, जाऊबाईंशी भांडताना मात्र वऱ्हाडीवर यायच्या.

"अवं, त्या लिहिणाऱ्यानंच तर शैलजाले जन्माले घातलं," मॅडम म्हणायच्या. "त्याले नाही समजणार तं कोणाले समजणार?"

"जन्माले घातल्यानं काय होते? माह्या पोराले मी जन्माले घातलं. त्याचा स्वभाव मले कुठी समजला?"

यावर मॅडम टीव्हीचा आवाज वाढवायला सांगायच्या, कारण त्यांनाही मुलगा होता.

असं अकरा वर्षं गोडीत चाललेलं असताना मालिकेत शैलजाचा अपघात झाला. डोक्यापासून हनुवटीपर्यंत पट्ट्या, बेशुद्ध, आणि शेजारी सलाइन. तीन आठवडे ती सलाइनची बाटली जराही कमी झाली नाही. मी हे बोलून दाखवलं, तर जाऊबाई म्हणाल्या, "तुह्या सरकारी दवाखान्यात संपत असन." त्यांचं जेवण तुटलं होतं. आणि एका रविवारी मी वरवटला गेले, तेव्हा कळलं की त्यांनी शेताच्या बांधावरच्या मारोतीला नवस बोललाय: शैलजा शुद्धीवर आली, तर रोडगे. आमच्या भागात हे लहान काम नव्हे. गव्हाच्या जाड्या पिठाचे, तुपाचा हात लावत थर दिलेले गोळे गोवऱ्यांच्या आरात, रसरशीत निखाऱ्यात, भाजायचे, वांग्याची भाजी, वरण, आणि सगळी गल्ली शेतात जेवायला. टीव्हीतल्या बाईसाठी रोडगे बोललेलं मी तरी पहिल्यांदाच ऐकत होते. दिरांकडे पाहिलं, तर ते छताकडे पाहत होते.

शैलजा शुद्धीवर आली. पट्ट्या उलगडल्या, सगळं घर ओणवं झालं, आणि पट्ट्यांखालून निघाली भलतीच नटी. आधीचीने काम सोडलं होतं म्हणे. तोंडावर शस्त्रक्रिया झाली असं दाखवून मालिकावाल्यांनी वेळ मारून नेली. जाऊबाई उभ्या राहिल्या. "हे कोन होय?"

"शैलजा आहे," मॅडम म्हणाल्या. "चेहरा बदलला, माणूस नाही बदललं."

तेवढ्यात नव्या शैलजाने पाण्याचा पेला उचलला. उजव्या हाताने.

जाऊबाईंनी टीव्ही बंद केला. मालिका अर्ध्यावर बंद होण्याची ती पहिलीच वेळ. डायरीत त्या दिवशी लाल पेनाने लिहिलं: "खरी शैलजा डावखुरी होती." खाली दोन रेघा. त्यांचं म्हणणं सरळ होतं. ही तोतया आहे, खरी अजून कुठेतरी बेशुद्ध पडली आहे, सबब नवस फेडायची वेळ आलेली नाही. मॅडमचं म्हणणं त्याहून सरळ होतं. त्या स्वतः नवससायास काही मानत नाहीत, आयुष्यभर वर्गात पोरांना तेच शिकवलं. पण जी मानते तिने तरी शब्द पाळावा. शैलजा शुद्धीवर आली, रोडगे झाले पाहिजेत. "माह्यासमोर तीस वर्षं पोट्टे आले," त्या म्हणाल्या. "चड्डीतले जातात, दाढीमिशा घेऊन येतात. मी चेहरा पाहून ओळखत असती, तं एकही ओळखू आला नसता."

"पन ते हात तं बदलत नाईत ना?"

"डोक्याले मार लागल्यावर हातही बदलते."

दोघींनी माझ्याकडे पाहिलं. डोक्याच्या माराने हात बदलतो का, हे नर्सने सांगावं. मी म्हटलं, आधी दोघींची डोकी तपासावी लागतील. हे बोलायला नको होतं. जाऊबाई मॅडमवर उलटल्या: "नवस माह्या मारोतीले केला. तू मानत नाई तं तू काऊन मागं लागून राह्यली? रोडगे खायाचे असन तं तसं सांग!"

मॅडम उठल्या. शुद्ध मराठीत "येते मी" म्हणाल्या आणि गल्ली ओलांडून गेल्या. त्या शुद्ध मराठीनेच जाऊबाईंना जास्त लागलं, असं मला वाटतं. रागाच्या भरात त्यांनी मॅडमना "परिवारा"तून काढून टाकलं. मॅडमनी दुसऱ्या दिवशी आपला वेगळा गट काढला. मेहकरच्या बाया एकगठ्ठा तिकडे गेल्या.

त्यानंतरचे चार महिने मी एक रविवार सोडून एक वरवटला जायची आणि दोन्ही घरी चहा प्यायची. जाऊबाई विचारायच्या, "तठी काय केलं होतं खायाले?" मॅडम विचारायच्या, "अजून पायरीवरून धावत उतरते का ती? तिला सांगा, गुडघा जाईल." मी म्हणायचे, मी पोस्टमन नाही, समोर जाऊन सांगा. सांगितलं कोणीच नाही. लाल खुर्चीवर जाऊबाईंनी वाळलेल्या कपड्यांचा ढीग घातला. घड्या करून झाल्या, तरी ढीग तिथेच.

मालिका मात्र दोघींनी सोडली नाही. जाऊबाई तोतयाचे दोष टिपण्यासाठी बघत, मॅडम तिची बाजू घ्यायला. मॅडमचा टीव्ही आमच्यापेक्षा दोन-तीन सेकंद पुढे चालायचा, त्यामुळे शैलजा आधी समोरच्या घरात रडायची, मग आमच्याकडे. मॅडम आवाज वाढवायच्या, मग जाऊबाई वाढवायच्या. गल्लीतल्या बाकीच्या घरांना टीव्ही लावायची गरज उरली नव्हती.

एका संध्याकाळी मी नांदुऱ्याला भाकरी थापत होते, तर जाऊबाईंचा फोन. पावणेआठ झाले होते.

"मॅडमच्या टीव्हीचा आवाज नाई येऊन राह्यला."

"बंद असेल."

"बंद नसते. काल तोतयाले विष दिलं, आज तिचं काय होते ते मॅडम पाह्यनार नाई? तिच्या स्वभावात नाई ते."

"मग जाऊन बघा ना."

चार महिन्यांत त्यांनी ती गल्ली ओलांडली नव्हती. "मी जाऊ?"

"बाई, जा. फोन बंद करू नका."

मला त्यांच्या चपलांचा आवाज ऐकू आला. दार ढकलल्याचा आला. मग "मॅडम" अशी हाक, आणि मग पुन्हा हाक, पहिलीपेक्षा बारीक. मॅडम स्वयंपाकघरात खाली पडल्या होत्या. तोंड वाकडं, उजवी बाजू लुळी, पण डोळे उघडे. मी फोनवरून सांगत गेले आणि जाऊबाई करत गेल्या: पाणी पाजू नका, कुशीवर वळवा, उशी नको, दिरांना म्हणा गाडी काढा, वाटेत थांबू नका, सरळ अकोल्याला न्या. एरवी माझं एक वाक्य दुरुस्त केल्याशिवाय न सोडणाऱ्या बाईने त्या दिवशी सगळं जसंच्या तसं केलं. वेळेत पोचल्या. अजून दोन तास गेले असते तर काय, हे डॉक्टरांनी मला सांगितलं. मी जाऊबाईंना सांगितलं नाही. सांगूनही उपयोग नव्हता. त्यांनी ते मानलं नसतं.

अकोल्याहून मुलगा मॅडमना पुण्याला घेऊन गेला. जाऊबाई मला रोज विचारायच्या, "बरी होईन ना?" मी म्हणायचे, काही बोलता येत नाही, व्यायामावर आहे. "तू कायची सिस्टर आहे मंग?" आणि फोन ठेवायच्या. त्या दिवसांतली डायरी मी पुढे पाहिली. पानं कोरी होती. ना निळं, ना लाल.

अडीच महिन्यांनी मॅडम मुलाशी भांडून गावी आल्या. मी मुद्दाम रजा घेऊन गेले होते. गाडीतून उतरवलं, तेव्हा गल्लीतल्या बाया गोळा झाल्या. मॅडम अर्ध्या झाल्या होत्या. तोंड एका बाजूला ओढलेलं, केस कापलेले, उजवा हात छातीशी दुमडलेला, आणि तीस वर्षं वर्गात खणखणलेला आवाज जड, घोळलेला. एक बाई दुसरीला म्हणाली, "वळखू नाई येत वं. पह्यल्या मॅडम नाई राह्यल्या."

जाऊबाई ओट्यावरून खाली आल्या. पायरीवरून धावतच उतरल्या. दोघी समोरासमोर आल्या आणि मॅडमनी एकेक शब्द गोळा करत विचारलं, "पाह्य नीट. खरी... आहे... का तोतया?"

जाऊबाईंनी त्यांना नीट पाहिलं. त्या गल्लीतल्या बायांकडे वळल्या. "काऊन नाई वळखू येत? आल्या आल्या भांडून राह्यली, दिसत नाई का तुमाले?" आणि घरात जाऊन लाल खुर्चीवरचा कपड्यांचा ढीग उचलून दिरांच्या अंगावर टाकला.

तुरी निघाल्यावर रोडगे झाले. बांधावर गोवऱ्यांचा आर, पन्नासेक माणूस, वांग्याच्या भाजीचा घमघमाट. मॅडमना खुर्चीसकट शेतात नेलं होतं. जाऊबाईंनी रोडगा फोडून, तूप ओतून त्यांच्यासमोर ठेवला. मॅडम म्हणाल्या, "म्हणजे शैलजा... मान्य?"

"शैलजाचा काई संबंध नाई. हे रोडगे दुसरे आहेत."

"कोणते दुसरे?"

"तू मानत नाई ना? मंग इचारू नको. खाय."

मॅडमनी ताट जवळ ओढलं. मग त्यांनी चालत्या हाताने घास उचलला आणि तोंडाशी नेण्याआधी जाऊबाईंपुढे धरला. "पाह्य. डावखुरी झाली. आता तरी... खरी ना?"

जाऊबाई हसल्या. इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला आणि मला त्यांच्या पाठीत थापट्या माराव्या लागल्या. "मंग पहिले रोडगे बाकीच आहेत," मॅडमनी लगेच मुद्दा काढला, आणि तिथेच, ताटावर, वाद नव्याने सुरू झाला. त्या रात्रीच्या डायरीत रोडग्यांचं सविस्तर वर्णन आहे, खाली लाल पेनाने "झालं", आणि मध्ये एक ओळ: "धाकटी रडली." मी लाल पेन मागितला. जाऊबाईंनी दिला नाही. मीही फार ओढाताण केली नाही.

गेल्या महिन्यात मुलाने शेवटी मॅडमना पुण्याला नेलंच. बरोबरच केलं, मी त्याला तसं सांगितलंही. एकटीने राहण्यासारखी तब्येत नाही. समोरच्या घराला कुलूप लागलं. परवाच्या रविवारी मी वरवटला गेले, तर जाऊबाई साडेसातची तयारी करत होत्या. मी डायरी चाळली. मॅडम गेल्या त्या दिवसाच्या पानावर मालिकेतलं सगळं होतं, तोतयाने केलेल्या तीन चुका होत्या, बाकी काही नाही.

"मॅडम गेल्या ते लिहिलं नाही?" मी विचारलं.

"ते झालंच नाई," जाऊबाई म्हणाल्या.

बसच्या धक्क्यांनी मी दमले होते. मी दाराजवळच्या लाल खुर्चीत बसायला गेले.

"तठी नको बसू, माय."

खुर्चीत फोन उभा करून ठेवला होता, पाठीला टेकवून, आवाज मोठा करून. साडेसात वाजले. पुण्यात शैलजा आधी रडली, मग आमच्याकडे.